काचेच्या पेटीतला गमबूट

मित्रांनो, नाकाला रुमाल लावायचा असेल तर खुशाल लावा. मला राग येत नाही. मी गमबूट आहे. जुना, काळा, गुडघ्यापर्यंत येणारा, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच पडला आहे. तो जन्माचा मुखदुर्बळ, त्यामुळे दोघांच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलं.

तुम्हाला माझा वास येतो हे मला कळतं. पण मला कशाकशाचा वास येतो, हे कोणी विचारत नाही. मला फिनेलचा वास येतो. सत्काराच्या हारातल्या शिळ्या झेंडूचा येतो. सिमेंटला फासलेल्या गुलाबी रंगाचा येतो. या वासांनी मला इतकी मळमळ होते की पोट असतं तर केव्हाच ढवळून निघालं असतं. चिखलात लोळलेल्या बुटाला एवढी नाकं मुरडायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगतो.

कारखान्यात तापलेलं रबर साच्यात दाबून आम्हाला घडवलं. तिथून आम्ही कोकणातल्या एका बाजारात आलो. दुकानदाराने आम्हाला सुंभाच्या गुंडाळ्या आणि प्लास्टिकच्या बादल्यांच्या मध्ये दोरीला टांगलं. गिऱ्हाईक यायचं, आत हात घालायचं आणि तोंड वाकडं करून जायचं. एके दिवशी चष्मा लावलेली, सावळी, काटक अशी एक मुलगी आली. तिने भाव केला नाही की नाक मुरडलं नाही. "हे खाडीच्या चिखलात टिकतील ना?" एवढंच तिने विचारलं. तिचं नाव धम्मप्रिया. ती सोलापूरची. खाडीकाठचे पक्षी काय खातात, कुठून येतात, कुठे जातात, याचं ती संशोधन करत होती.

पहिल्याच दिवशी तिने आमची फजिती केली, की आम्ही तिची, कोण जाणे. खाडीच्या चिखलात पाय घाईने उचलला तर पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. तसंच झालं. मी चिखलात उभा आणि धम्मप्रिया ओला मोजा हवेत धरून एका पायावर उभी. समोर शेकाट्या नावाचे लांब लाल पायांचे पक्षी तसेच एका पायावर उभे होते. ते तिच्याकडे बघत राहिले आणि ती हसत सुटली.

त्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास होता. मलाही आधी किळस आली, खोटं कशाला बोलू? पण महिनाभरात ती गेली. त्या काळ्या लगद्यात बोटभर जागा रिकामी नव्हती. किडे, अळ्या, शिंपल्या, नखाएवढे खेकडे, सगळे आपापल्या बिळात. आणि त्यांच्यावर पक्ष्यांची पंगत बसलेली. छोटा टिलवा वरवरचं टिपायचा. लांब चोचीचा पाणटिवळा खोल खुपसून आतलं काढायचा. ज्याची जेवढी चोच, त्याचं तेवढ्या खोलीवरचं जेवण, म्हणून भांडण नाही. धम्मप्रिया पक्षी जाळ्यात धरायची, मापं घ्यायची, पायात हलकी पट्टी अडकवायची आणि सोडून द्यायची. एका टिलव्याच्या पायात तिने पिवळी पट्टी घातली. चिमणीपेक्षा लहान जीव तो. तिच्या मुठीत त्याचं काळीज धडधडत होतं.

सुट्टीला ती आम्हाला पिशवीत घालून सोलापूरला घेऊन आली. दारात आम्हाला बघून तिच्या आईच्या, चांगुणाबाईंच्या कपाळाला आठी पडली. वडील धर्मपाल मात्र खुर्चीतून वाकले आणि त्यांनी मला उचललं. त्यांनी जन्मभर एका ठेकेदाराकडे गटारी उपसण्याचं काम केलं होतं, तेही अनवाणी. ठेकेदाराने कधी बूट दिले नाहीत. त्यांच्या पायांची नखं झडलेली, बोटांच्या बेचक्यांतली कातडी कायमची पांढरी पडलेली. त्यांनी माझ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बोटं तळापर्यंत फिरवली.

"चांगुणा, आतून कोरडं हाय की गं," ते म्हणाले. "लई कोरडं हाय."

 त्या वर्षीच धर्मपाल गेले. आई एकटी पडली म्हणून धम्मप्रियाने कोकण सोडलं, सोलापुरात कॉलेजात नोकरी धरली आणि आमचा मुक्काम कायमचा त्या दाराशी आला.

मला वाटलं, आता संपलं. इथे कुठली खाडी? पण शहराबाहेर एक जुना तलाव आहे. दिवाळीनंतर पाणी हटतं आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. धम्मप्रिया रोज पहाटे आम्हाला घालून तिथे जायला लागली.

त्या चिखलात पहिलं पाऊल टाकलं आणि मला खरी घाण म्हणजे काय ते समजलं. दारूच्या फुटक्या बाटल्या. पिशवीत गाठ मारून फेकलेली फुलं, आत कुजून काळी झालेली. थर्माकोलची मखरं. लहान बाळांचे लंगोट. एकदा माझ्या टाचेखाली काहीतरी फुटलं, ते काय होतं ते मी सांगणार नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. शी! चिखलाने असं कधी केलं नव्हतं. हे सगळं घरी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आलेल्या माणसांनी केलं होतं.

तरीही पक्षी येत होते. आणि एका सकाळी धम्मप्रिया दुर्बिणीला डोळा लावता लावता एवढ्या मोठ्याने ओरडली की तलावावर म्हशी आणणाऱ्या गोजाबाईची म्हैस बुजून पळाली.

"काय गावलं गं बाये? सोनं?" गोजाबाई चिडून म्हणाली.

"पाहुणा आलाय, गोजाबाई! खाडीवरचा पाहुणा!"

पिवळ्या पट्टीचा टिलवा समोर चिखल टिपत होता. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातून निघालेलं ते एवढंसं पाखरू कोकणच्या खाडीवर जाताना सोलापुरात पोट भरायला उतरत होतं. लांब पल्ल्याची एसटी जेवणासाठी मोडनिंबला थांबलीच नाही तर तुमच्या पोटात कावळे ओरडतात ना? तसंच. फरक इतकाच की तुम्ही घरी जाऊन जेवता आणि ते वाटेतच पडतं. धम्मप्रियाला कळलं ते एवढंच, की खाडीवर पक्षी हवे असतील तर सोलापुरातला हा चिखल राहिला पाहिजे. पुढची सगळी वर्षं ती याच एका गोष्टीसाठी झटत राहिली. दर हिवाळ्यात तो टिलवा आला की तिचा दिवस सोन्याचा व्हायचा.

पण घरी मात्र रोज वाद. चांगुणाबाई आम्हाला काठीने ढकलत अंगणाच्या कोपऱ्यात न्यायच्या आणि बादलीभर पाणी ओतायच्या.

"तुझा बाप घाणीत राबला, का, तर तुझं पाय सोच्छ राहावंत," त्या म्हणायच्या. "तू शिकलीस, डाक्टर झालीस, आन पुना चिखलातच! काय मिळवलं आमी?"

"आई, ही घाण नाही."

"मला नगं शिकवू. मला म्हाईत हाय घाण कशी असती ती."

 आईला खरंच माहीत होतं.

तलावाच्या वाटेवर शिवपुत्र मालकांचा टॉवेलचा कारखाना होता. मालक भला माणूस, तलाव समितीचे अध्यक्ष. रोज सकाळी फिरायला आले की चिखलातून पाय ओढत बाहेर येणाऱ्या धम्मप्रियाला बघून चुकचुकायचे. एकदा चांगुणाबाई त्यांना बाजारात भेटल्या आणि त्यांच्यापुढे मन मोकळं करून बसल्या. एवढी शिकलेली लेक, आन गुडघाभर चिखल, मालक, बघवत न्हाई. मालकांचे डोळे भरून आले. "मावशी, मी हाय की. बघाच तुमी," ते म्हणाले. या भल्या माणसांची मला जेवढी धास्ती वाटते तेवढी चोरांचीही वाटत नाही.

एका वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला धम्मप्रिया एका परिषदेसाठी आणि तिथे व्याख्यानं द्यायला तीन आठवडे केरळात गेली. आम्ही दाराशीच होतो. ती परतायच्या आदल्या दिवशी चांगुणाबाईंनी आम्हाला घासलं. आधी राखेने, मग साबणाने, मग शिकेकाईने. वर खोबरेल तेल चोळलं. मी आरशासारखा चकाकायला लागलो. नंतर मालकांची गाडी आली, आम्हाला पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून नेलं आणि एका काचेच्या पेटीत ठेवलं. पेटी तलावाकाठच्या नव्या कोऱ्या इमारतीत होती, वर्षभर पत्र्याआड जिचं बांधकाम चालू होतं ती. दारावर 'पक्षी माहिती केंद्र' अशी पाटी. पेटीत लाल मखमल, अत्तराचा फवारा आणि दोन डांबरगोळ्या.

मित्रांनो, उकिरड्यावर पडलो असतो तरी इतकी किळस आली नसती.

पेटीतून खिडकी दिसत होती आणि खिडकीतून तलाव. काठाचा चिखल तेवढ्या तीन आठवड्यांत अर्ध्या तलावाभोवती खरवडून नेला होता. त्यावर मुरूम दाबला होता, पाण्याच्या कडेला दगड बसवले होते, वर फिरायला फरशीचा रस्ता. रस्त्याच्या कडेने सिमेंटचे रोहित पक्षी, भडक गुलाबी. एकाची चोच चिमणीसारखी सरळ, एकाचे गुडघे माणसासारखे पुढे वाकलेले. आणि रंग अजून ओला, त्याचा तो उग्र दर्प. दारूच्या बाटल्या मात्र दगडांच्या फटीत तशाच होत्या. घाण जागेवर ठेवून त्यांनी नेमका चिखल उचलला होता!

धम्मप्रिया परत आली तशी चांगुणाबाईंनी तिला नवी साडी नेसवली. "चल, तुला कायतरी दावायचं हाय," म्हणाल्या आणि रिक्षाने थेट तलावावर घेऊन आल्या. तिला फेटा बांधला. शाल दिली, नारळ दिला. मालकांनी स्वतः पेटीवरचा पडदा ओढला. टाळ्या पडल्या.

"मॅडम, तुमचं हाल बघवत नव्हतं," मालक म्हणाले. "आता नुसती चप्पल घालून या आन पक्षी बघा. एक थेंब चिखल लागायचा न्हाई. पक्ष्यांचं पायबी रुतायचे न्हाईत."

"पक्षी कुठंयत?" धम्मप्रियाने विचारलं.

मालकांनी कौतुकाने सिमेंटच्या रोहितांकडे बोट केलं.

तेवढ्यात खिडकीबाहेर टिलव्यांचा थवा आला. मी पाहिला, तिने पाहिला, बाकी सगळे फोटो काढण्यात गुंग. थव्याने मुरुमावर गिरकी घेतली, पुन्हा एक घेतली, खाली झुकला आणि न उतरताच निघून गेला. धम्मप्रियाचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, आता बोलेल. फेटा काढून फेकेल. पण चांगुणाबाई पेटीजवळ उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "माझ्या लेकीचं बूट. काचंत ठेवल्यात." त्यांचं तोंड आनंदाने नुसतं फुललं होतं. धम्मप्रियाने ते पाहिलं आणि ती गप्प राहिली. मला तिचाही वीट आला.

"आता पुना बूट घालायचं न्हाईत," चांगुणाबाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या. "माझ्या गळ्याची शपथ हाय."

"नाही घालणार, आई."

मालकांनी त्याच सभेत जाहीर केलं, की पलीकडचा अर्धा काठही संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की असाच करून टाकू. पुन्हा टाळ्या.

यापुढचं मला नंतर दारात पडल्यापडल्या कळलं. धम्मप्रियाने शपथ मोडली नाही. बूट घातले नाहीत. ती पलीकडच्या काठावर, जिथे गोजाबाईच्या म्हशी चिखल तुडवत होत्या, तिथे साडी खोचून अनवाणी उतरायला लागली. पहाटे जायची, येताना रस्त्यावरच्या नळावर पाय धुऊन यायची. चार पक्षी तरी तिथे उतरतात हे दाखवता आलं तर उरलेला काठ वाचेल, ही तिची आशा. पण एक दिवसाआड मोजमापवाले येत होते आणि चुन्याच्या रेघा मारून जात होते.

एका सकाळी ती लंगडत घरी आली. चिखलातल्या काचेने तळवा उभा चिरला होता. तिने सांगितलं नाही. दोन दिवसांत पाय सुजला, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या. ती झोपली असताना पांघरूण सरकलं आणि चांगुणाबाईंना तो पाय दिसला.  मग त्यांनी पदर खोचला.

केंद्रात तेव्हा एका शाळेची सहल आली होती. पोरं माझ्या काचेला नाक चिकटवून उभी होती आणि मालक त्यांना सांगत होते, की थोर लोक असेच चिखलातून वर येतात. गर्दीतून वाट काढत चांगुणाबाई पुढे आल्या.

"मालक, पेटी उघडा. बूट द्या."

"आवं मावशी, आता ती दर्शनाची वस्तू झाली की."

"माझी लेक अनवाणी जाती चिखलात. माझ्या शपथंपायी. पाय बघा जावा तिचं." त्यांनी काचेवर थाप मारली. "ह्येच पाय बघितल्यात मी जन्मभर. नवऱ्याचं. आता लेकीचं बघायचं न्हाईत मला."

मालकांनी मुकाट्याने किल्ली काढली. चांगुणाबाईंनी मला उचललं. जी बाई मला एरवी काठीनेच ढकलायची, तिने कोपरापर्यंत हात माझ्यात घातला आणि तळापर्यंत बोटं फिरवली. मला त्या दुसऱ्या हाताची आठवण झाली. त्यांनाही झाली असणार, कारण त्या तिथेच खाली बसल्या.

"आतून कोरडं हाय," त्या पुटपुटल्या. "कोरडंच हाय अजून."

 मालक चुळबुळले. "मग मावशी, या पेटीत ठिवायचं काय?"

चांगुणाबाई उठल्या. "चिखल ठेवा की. तुमी समदा उचलला तर ह्या पोरास्नी पुढं दावायला कुटं न्हाई उरायचा."

"मावशी, मी समदं तुमच्याच शब्दाखातर केलं की हो!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "मग माझ्याच शब्दाखातर थांबवा."

मालकांनी रिकाम्या पेटीला पुन्हा कुलूप लावलं. चांगुणाबाई आम्हाला काखेत मारून निघाल्या आणि घरी येऊन त्यांनी आम्हाला लेकीच्या खाटेखाली ठेवलं.

गड्ड्याची जत्रा झाली. पलीकडच्या काठावर यंत्र आलं नाही. चुन्याच्या रेघा म्हशींच्या पायाखाली पुसल्या गेल्या. इकडचा मुरूम मात्र तसाच आहे. तो कोणी काढणार नाही. गुलाबी रंग उडालेले सिमेंटचे रोहित आता आजारी दिसतात. केंद्रात माझी पेटी अजून आहे, आत मखमल आहे, खाली 'डॉ. धम्मप्रिया यांचे बूट' अशी पाटी आहे आणि सहलीची पोरं त्या रिकाम्या मखमलीकडे बघून पुढे जातात.

आम्ही पुन्हा कामाला लागलो आहोत. मी आता थकलो आहे, घोट्याजवळ चीर पडली आहे, सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आहे. पलीकडच्या काठावर शेकाट्या येतात, तुतवार येतो, थोडे टिलवे येतात. पिवळ्या पट्टीचा या हिवाळ्यात आलेला नाही. त्या दिवशीच्या थव्यात तो होता की नव्हता, आणि होता तर उपाशीपोटी कुठवर पोचला, हे मला ठाऊक नाही. धम्मप्रिया रोज दुर्बीण लावते. मीही टाचेवर ताठ उभा राहून बघतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, समित्यांवर बसाल, काठ सुंदर करायला निघाल. तेव्हा एवढं करा. आधी बूट घालून त्या चिखलात उतरा. तुमच्या हातची पिशवी, तुमच्या घरची बाटली तिथे पडली असेल ती उचला, कारण घाण ती आहे. आणि चिखलाला हात लावू नका. तो तुमचा नाही, त्यावर कोणाचं तरी जेवण मांडलेलं आहे.

रोज सकाळी आम्ही चिखलाने माखून दाराशी येतो. चांगुणाबाई बाहेर येतात, नाकाला पदर लावतात आणि माझ्यात हात घालून बघतात. आतून कोरडा आहे ना, एवढंच. बाहेरून मात्र त्या आता आम्हाला धूत नाहीत.